जुनी जीपगाडी आणि कोंकणची वाट

रत्नागिरीहून समुद्राच्या कडेनें उत्तरेस निघालें म्हणजे सुमारें २५ किलोमीटरांवर गणपतीपुळें लागतें. पश्चिमाभिमुख गणेशाच्या दर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंस तें परिचित आहेच; शेजारचें मालगुंड हें केशवसुतांचें जन्मग्राम असल्यामुळें काव्यप्रेमी मंडळींचे पायही तिकडे वळतात. आज मात्र ह्या प्रदेशाकडे जरा निराळ्या दृष्टीनें, म्हणजे गाडीच्या चाकाच्या दृष्टीनें, पाहावयाचें आहे. कोस-दीड कोसाच्या टापूंत येथें तीन तऱ्हेची भूमि आढळते. वर जांभ्या दगडाचा उघडा, सपाट सडा; त्याखालीं उतारावरची तांबडी माती; आणि अगदीं खालीं समुद्राची पुळण. गांवाच्या नांवांतच ही पुळण आहे. सड्यावरचा कातळ चाकास ठोकरतो, तांबडी माती पावसाळ्यांत त्यास घसरविते आणि पुळण त्यास गिळते. ह्या तिन्ही ठिकाणीं निभावून नेणारें एक वाहन दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्याकडे आलें, तें म्हणजे चारही चाकांस गति देणारी जीपगाडी. ती आली कशी, लोकांनीं तिच्यांत फेरफार केले ते कोणते, आणि जुनी झाल्यावरही ती जपली कशी, ह्याचा थोडक्यांत इतिहास सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. कोंकणांत चाकाचा इतिहास फार लांबचा नाहीं. देशावर बैलगाडी जितकी सर्वत्र दिसे, तितकी ती किनाऱ्यावर कधींच दिसली नाहीं. दर दोन-चार कोसांवर खाडी, मध्यें डोंगराची सोंड, वाडीकडे उतरणारी दगडी पायऱ्यांची पाखाडी, आणि वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, अशी स्थिति असतां चाकास वाव तो कितीसा असणार? माणूस पायीं चाले, आजारी मनुष्य डोलींतून जाई, आणि लांबचा प्रवास समुद्रानें होई. जयगड, रत्नागिरी ह्यांसारख्या बंदरांत आगबोट थांबे आणि पडावांतून उतारू किनाऱ्यास लागत. पावसाळा सुरू झाला कीं ही वाटही बंद पडे. समुद्राच्या वाटेचें मोल कधीं कधीं फार जबर द्यावें लागे; १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ आगबोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें प्राणास मुकलीं, ही आठवण कोंकणांतील घराघरांत अद्याप आहे. जमिनीवरची वाट जो जो सुधारेल, तो तो किनाऱ्यावरच्या माणसाचें जिणें सुरक्षित होईल, हें त्या काळच्या लोकांस कोणीं निराळें सांगावयास नको होतें.

आतां जीपच्या जन्माकडे वळूं. १९४० च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या सैन्यास एक हलकी, बुटकी, चारही चाकांनीं ओढणारी टेहळणीची गाडी तांतडीनें हवी होती. सैन्यानें १३५ कारखानदारांस पाचारण केलें. अमेरिकन बँटम नांवाच्या एका लहानशा कंपनीनें कार्ल प्रोब्स्ट ह्या अभियंत्याकरवीं आराखडा तयार करविला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजीं पहिला नमुना सैन्याच्या हवालीं केला. पुढें विलीज आणि फोर्ड ह्या मोठ्या कारखान्यांकडे काम गेलें. विलीजचें इंजिन सुमारें २२०० घनसेंटिमीटरांचें आणि ६० अश्वशक्तीचें होतें. तेंच सर्वमान्य झालें. युद्ध संपेपर्यंत अशा साडेसहा लाखांच्या आसपास गाड्या बनल्या. ‘जीप’ हें नांव कोठून आलें ह्याविषयीं विद्वानांत एकमत नाहीं; गाडी मात्र आफ्रिकेच्या वाळवंटापासून ब्रह्मदेशाच्या अरण्यापर्यंत सर्वत्र एकच होती, आणि एका गाडीचा सुटा भाग दुसरीस चपखल बसे. तिच्या पुढील आयुष्याचें सारें रहस्य ह्या एका गुणांत आहे.

ब्रह्मदेशाच्या आघाडीमुळें ही गाडी हिंदुस्थानांत आली आणि युद्ध संपल्यावर सैन्याच्या शिलकी मालाबरोबर नागरिकांच्या हातीं पडली. इकडे मुंबईंत १९४५ सालीं ‘महिंद्र अँड महंमद’ ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी निघाली होती. तिचे एक भागीदार गुलाम महंमद हे फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्यें कंपनीचें नांव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असें झालें. विलीज कंपनीकडून सुटे भाग आणून माझगांव येथें जीपगाड्या जोडण्याचें काम ह्याच कंपनीनें १९४९ सालीं आरंभिलें. १९५४ पासून एकेक भाग येथेंच बनविण्याचा क्रम सुरू झाला. १९५३ सालीं अमेरिकेंत निघालेला ‘सीजे-३बी’ हा उंच नाकाडाचा नमुना अमेरिकेंत १९६८ मध्यें बंद पडला. आपल्याकडे मात्र त्याचें वंशज पुढें कित्येक वर्षें बनत राहिलें. नाकाड उंच होण्याचें कारण शोभा नव्हे. इंजिनाच्या माथ्यावर नव्या झडपा बसविल्यामुळें तें इंजिनच उंच झालें होतें.

ह्याच काळांत एक धडाही मिळाला. १९४८ मध्यें काश्मीरच्या लढाईसाठीं परदेशांतून वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या जीपगाड्या घेण्याचा करार सरकारनें केला. त्यांपैकीं ज्या १५५ गाड्या येऊन पोहोंचल्या त्या उपयोगाच्या नाहींत असें आढळून आलें आणि संसदेंत व वृत्तपत्रांत मोठें वादळ उठलें. राजकारणाचा भाग बाजूस ठेवला तरी यंत्राच्या दृष्टीनें ह्यांतून एक गोष्ट उघड होते. जुनी गाडी वरून रंगवून नवी होत नाहीं. तिचा प्रत्येक सांधा उघडून पाहावा लागतो.

स्वराज्याच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत जीप ही जणूं शासनाची पादत्राणें झाली. २ ऑक्टोबर १९५२ रोजीं समूहविकास योजना सुरू झाली आणि गटविकास अधिकाऱ्याबरोबर जीप खेड्यांत शिरली. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या आल्या. देवी टोचणारें पथक, जमिनीची पाहणी करणारे कर्मचारी, मतपेट्या नेणारे अधिकारी, ह्या सर्वांस जेथें बस जात नसे तेथें हीच गाडी नेई. ज्या वाडीस रस्ता नव्हता, त्या वाडीच्या जवळांत जवळ जाणारें पहिलें यंत्र बहुधा जीपच असे. खेड्यांतल्या मुलांनीं तिच्यामागें धांवावें आणि वृद्धांनीं तिला पाहून ‘सरकार आलें’ म्हणावें, असा तो काळ होता.

ही गाडी दुर्गम वाटेवर चालते कशी, हें समजून घेतल्याखेरीज पुढील फेरफारांचा अर्थ लागणार नाहीं. इंजिनाची गति प्रथम गिअरपेटींत कमी होते. तेथून ती ‘ट्रान्स्फर केस’ नांवाच्या दुसऱ्या पेटींत येते. ही पेटी दोन कामें करते: गति पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आंसांकडे वांटते, आणि जरूर पडल्यास आणखी एकदां मंद करते. नागरी जीपमध्यें पहिल्या गिअरचें प्रमाण सुमारें २.८, ट्रान्स्फर केसच्या मंद गिअरचें २.४६ आणि आंसांतील दंतचक्राचें ५.३८ होतें. ह्या तिघांचा गुणाकार ३७ येतो. म्हणजे इंजिन ३७ वेळां फिरेल तेव्हां चाक एकदां फिरेल. गति गेली, पण तिच्या बदल्यांत जोर आला. पायानें फारसा दाब न देतां गाडी कातळाची पायरी चढून जाते ती ह्या गुणाकाराच्या बळावर.

परंतु चारही चाकें जोडलीं म्हणजे सर्व संकटें टळलीं असें मात्र नाहीं. प्रत्येक आंसाच्या मध्यभागीं ‘डिफरन्शियल’ असतो. वळणावर बाहेरचें चाक अधिक अंतर कापतें, म्हणून दोन चाकांस निरनिराळ्या वेगानें फिरूं देणें हें त्याचें काम. ह्या सोयींतच एक उणीव दडलेली आहे. एक चाक चिखलांत मोकळें फिरूं लागलें कीं डिफरन्शियल गति त्याच चाकास देतो आणि दुसरें, कोरड्या जमिनीवरचें चाक, स्वस्थ उभें राहतें. त्यामुळें पुढचें एक आणि मागचें एक चाक निसटलें तर चार चाकांची गाडीही जागीं रुतते. उलट पक्षीं, पक्क्या सडकेवर चारही चाकें जोडून ठेवणें हेंही चूकच. वळणावर पुढचीं चाकें मागच्यांपेक्षां अधिक फिरूं पाहतात. डांबरावर घसरण्यास वाव नसल्यामुळें तो ताण दांडे, दंतचक्रें व टायर ह्यांवर पडतो. म्हणून जाणते चालक माती लागल्यावरच पुढचीं चाकें जोडतात आणि सडक लागतांच सोडतात.

फेरफारांचा इतिहास आतां पाहूं. परदेशांत छंद म्हणून फेरफार झाले. आपल्याकडे ते प्रथम निकडीपोटीं झाले. मूळ जीप पेट्रोलवर चाले आणि पेट्रोल पुष्कळ पिई. १९७३ सालीं जगभर तेलाचे भाव भडकले तेव्हां ती पोसणें सामान्य मालकास अशक्य होऊं लागलें. तेव्हां पेट्रोलचें इंजिन काढून तेथें डिझेलचें बसविण्याची लाट आली. कारखान्यानेंही तीच दिशा धरली. १९६३ पासून ‘इंटरनॅशनल’ जातीचे ट्रॅक्टर येथें बनत होते. त्यांच्याच वंशाचें डिझेल इंजिन जीपमध्यें आलें. पुढें फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यानें तिचें डिझेल इंजिन इगतपुरीस बनूं लागलें. शेतांत नांगर ओढणारें हृदय सडकेवरच्या गाडींत बसविल्यानें वेग व शांतता गेली. आवाज आणि थरथर आली. पण मंद गतीचा जोर आणि तेलाची बचत साधली. कोंकणच्या चढणीस हा सौदा महाग पडला नाहीं.

दुसरा फेरफार देहाचा. चासी लांब करून मागें समोरासमोर बांकें घातलीं कीं चौघांची गाडी दहा-बारा उतारूंची होई. कापडाचें छत जाऊन पत्र्याचें आलें. ज्यांस सडकेवरच धंदा करावयाचा होता त्यांनीं पुढच्या चाकांची जोडणीच नको म्हटलें, आणि कारखान्यानेंही केवळ मागच्या चाकांस गति देणाऱ्या गाड्या काढल्या. अशा रीतीनें जी गाडी रस्ता नसलेल्या ठिकाणांसाठीं जन्मली, तीच बस न जाणाऱ्या रस्त्यांवरची बस झाली. बाजारची भाजी, शाळेचीं मुलें, प्रसूतीसाठीं तालुक्यास निघालेली स्त्री, सर्व तिनें वाहिलें.

तिसरा फेरफार आपल्या पिढीचा, आणि तो छंदाचा. १९८५ सालीं मारुतीची हलकी ‘जिप्सी’ आली; जबलपूरच्या कारखान्यांत निस्सानच्या नमुन्यावर बनलेली ‘जोंगा’ सैन्याच्या लिलावांतून बाहेर पडूं लागली; २०१० मध्यें जीपच्याच वंशांतील ‘थार’ निघाली. जुन्या गाड्या घेऊन त्या डोंगरांत नेणाऱ्या तरुणांचीं मंडळें पुण्यामुंबईंत उभीं राहिलीं. ते मोठे खांचेदार टायर घालतात, पाटे उंच करतात, दोन्ही चाकांस एकत्र बांधणारा ‘लॉकर’ डिफरन्शियलमध्यें बसवितात, आणि रुतलेली गाडी ओढून काढण्यासाठीं पुढें विंच लावतात. ह्यांतील प्रत्येक गोष्टीस शास्त्र आहे, तसेंच प्रत्येकीची किंमतही आहे. टायरची त्रिज्या दहा टक्क्यांनीं वाढविली कीं जमिनीशीं मिळणारा जोर साधारण तितकाच घटतो, वेगमापक खरा वेग कमी दाखवूं लागतो, आणि आंसाच्या दांड्यांवर व सुकाणूच्या सांध्यांवर भार वाढतो. पाटे उंच केले कीं गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर ती लवकर कलंडते. लॉकर बसविला कीं जो ताण पूर्वीं मोकळें चाक फिरवून निघून जाई, तो आतां सरळ दांड्यावर येतो आणि दांडा तुटतो. एक जागा बळकट केली म्हणजे तुटण्याची जागा पुढें सरकते. जो मेस्त्री ती पुढची जागा आधीं ओळखतो, तोच खरा जाणकार.

कायदाही येथें मूक नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें नोंदणींतील मूळ वर्णनास बाध येईल असा फेरफार करण्यास मनाई केली आहे, आणि २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानें हा नियम अधिकच स्पष्ट केला. पंधरा वर्षें उलटलेल्या गाडीची नोंदणी नव्यानें करून घ्यावी लागते, तेव्हां परीक्षेच्या वेळीं हौसेचा हिशोब द्यावा लागतो.

आतां निगेविषयीं. समुद्रकांठीं जुन्या गाडीचा शत्रु खडक नव्हे, मीठ होय. वाऱ्याबरोबर आलेला खार चासीच्या पोकळ दांड्यांत, रिव्हेटांच्या भोंवतीं व पाट्यांच्या थरांत बसतो. तांबडी माती त्यावर लिंपली जाते आणि ओल धरून ठेवते; वरून रंग शाबूत दिसतो आणि आंतून लोखंड पापुद्र्यांनीं सुटतें. म्हणून पुळणीजवळून आलेली गाडी त्याच दिवशीं गोड्या पाण्यानें, आणि वरून नव्हे तर खालून, धुवावी. जुन्या जीपच्या पुढच्या चाकांशीं गोलाकार बंदिस्त सांधा असतो. त्याची कडा नमद्याच्या व रबराच्या पट्टीनें झांकलेली असते. पट्टी झिजली कीं वाळू आंत जाते आणि ग्रीसबरोबर मिसळून तिचा कानसासारखा उपयोग होतो. ओढा ओलांडतांना आणखी एक गंमत घडते. चालून तापलेला आंस थंड पाण्यांत बुडाला कीं त्यांतील हवा आकसते आणि श्वासनळींतून पाणी आंत ओढलें जातें. आंसांतील तेल ताकासारखें पांढुरकें दिसलें तर तें त्याच दिवशीं बदलावें. पेट्रोलच्या गाडींत पंख्यानें उडविलेलें पाणी डिस्ट्रिब्यूटरवर पडून ठिणगी बंद पडते. म्हणून पाण्यांत शिरण्यापूर्वीं पंख्याचा पट्टा सैल करण्याची जुनी रीत होती. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबीत थोडें अंतर चाललें म्हणजे ब्रेक सुकतात. ह्यांत महाग असें कांहींच नाहीं. लागते ती शिस्त.

पुळणीवर गाडी कां रुतते ह्याचेंही उत्तर सोपें आहे. भार जितक्या कमी जागेवर पडेल तितकी वाळू खचते. टायरमधील हवा २६-२८ पौंडांवरून १५-१६ पौंडांवर आणली कीं टायर पसरट होतो आणि भार वांटला जातो. सडकेवर परततांना मात्र हवा पुन्हां भरलीच पाहिजे, नाहींतर टायर तापून फाटतो. येथपर्यंत विज्ञान झालें. पण पुळणीवर जातां येतें म्हणून जावें काय, हा प्रश्न विज्ञानाचा नाहीं, आणि ह्या भाषणाचें खरें प्रयोजन त्या प्रश्नांतच आहे.

सुटीच्या दिवसांत भरधांव गाड्या पुळणीवर नेण्याची हौस हल्लीं किनाऱ्यावर वाढली आहे. ओल्या वाळूवर गाडी रुतली आणि भरती सुरू झाली, तर ओहोटीपासून सुमारें सहा तासांत समुद्र आपल्या पूर्ण उंचीस येतो. तो कोणाची वाट पाहत नाहीं. हानि केवळ गाडीवाल्याची असती तर गोष्ट निराळी. पण रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, मालगुंड व गुहागरच्या पुळणींवरही, हिवाळ्यांत ऑलिव्ह रिडले जातीचीं कांसवें अंडीं घालण्यास येतात. वाळूखालीं हातभर खोल ठेवलेल्या त्या अंड्यांवरून चाक गेलें तर वर एक खांच दिसेल, खालीं काय झालें तें कोणास कळणार नाहीं. पिल्लूं बाहेर निघालें तरी चाकाच्या खोल चाकोरींत अडकून समुद्रापर्यंत पोहोंचत नाहीं. वरच्या सड्याची गोष्ट तर ह्याहूनही नाजूक आहे. उक्षी, जांभरूण, बारसू, कशेळी अशा गांवांच्या सड्यांवर प्राचीन मानवानें कातळांत कोरलेल्या हत्तींच्या, माशांच्या, माणसांच्या आकृति आहेत. २०२२ सालीं त्यांचा समावेश जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत झाला. त्यांतील कित्येक जमिनीच्या पातळीस आहेत. मातीनें व गवतानें झांकलेल्या आहेत. चालकास त्या दिसणारही नाहींत. हजारों वर्षांचा पाऊस सोसलेली रेघ खांचेदार टायरच्या एका दुपारच्या खेळानें झिजूं शकते, आणि ती पुन्हां उमटविणारा मेस्त्री जगांत कोठेंही नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, जुन्या जीपच्या छंदाचा मी द्वेष करीत नाहीं. वस्तु बिघडली कीं टाकावयाची, ह्या आजच्या युगांत पन्नास-साठ वर्षांचें यंत्र स्वतःच्या हातांनीं उघडून, साफ करून, पुन्हां चालतें करणारा तरुण मला आदरणीय वाटतो. त्याच्याजवळ जें ज्ञान आहे तें पुष्कळसें पुस्तकांत नाहीं. तें तालुक्याच्या गांवांतील वृद्ध मेस्त्र्यांच्या बोटांत आहे. कोणत्या नमुन्याचा दांडा कोणत्या पेटीस बसतो, कोणत्या सांध्याचा आवाज कोणतें दुखणें सांगतो, हें त्या मंडळींकडून विचारून लिहून ठेवणें हें आपल्या यंत्रेतिहासाचें मोठें काम होईल. छंदी मंडळांनीं शर्यतींपेक्षां ह्या कामास अधिक मान द्यावा. पावसाळ्यांत दरड कोसळून गांव तुटतें, तेव्हां औषधें आणि धान्य घेऊन पोहोंचण्यास अशी गाडी व असा चालक लागतो. त्या दिवसासाठीं गाडी जपणें ह्यांत खरी हौस आहे. चाकांची परीक्षाच घ्यावयाची तर ती मालकाच्या संमतीनें नेमून दिलेल्या जागीं, जुन्या बैलगाडीच्या वाटेवर किंवा बंद पडलेल्या चिऱ्याच्या खाणींत घ्यावी.

ज्या वाडीपर्यंत कांहींच पोहोंचत नव्हतें, तेथें पोहोंचणें हें ह्या गाडीचें मूळ कर्तव्य होतें, आणि कोंकणानें तिच्यावर माया केली ती त्याच कारणानें. तिच्यांत इंजिन कोणतेंही घाला आणि टायर कितीही मोठे चढवा; पुळणीच्या कडेस, सड्याच्या तोंडाशीं तिला थांबवून उरलेली वाट पायीं चालण्याची बुद्धि मात्र चालकानें स्वतःबरोबर आणली पाहिजे.